पाठवणीवरची सनई

विठ्ठलवाडी स्टेशनातून बाहेर पडून डावीकडच्या गल्लीत शिरलं, की दौलत शेलारचं दुकान लागतं. पाटीवर अजून ‘व्हिडिओ शूटिंग व मिक्सिंग’ असंच आहे. शूटिंगसाठी आता कोणी येत नाही. जुन्या कॅसेटमधली लग्नं पेनड्राइव्हवर भरून न्यायला येतात. तेही किती दिवस येणार? शेजारची बिल्डिंग पाडायला घेतली आहे, पुढचा नंबर याच्याच दुकानाचा.

पण नव्वदीत या माणसाचा थाट काय वर्णावा! कल्याणपासून टिटवाळ्यापर्यंत दौलत आल्याशिवाय मुहूर्त लागत नसे. भटजींना हा खुशाल दटावायचा, “गुरुजी, हार परत घालायला सांगा, लाईट गेलेली.” पडद्यावर नवरी कमळात बसवायची, नवरा बदामात, आणि दोघांवर गुलाबाच्या पाकळ्या. लोक खूश.

त्याची खरी हातोटी मात्र आवाजात होती. हॉलमधला मूळ आवाज म्हणजे भांड्यांचा खणखणाट, पोरांचं भोकाड आणि कुणाच्या तरी मामाचं “पंगत कधी बसणार?” दौलत तो सगळा उडवायचा आणि वर आपलं संगीत चढवायचा. त्यात त्याला एक गंमत सापडली. उपाशीपोटी जांभई दाबणाऱ्या त्या मामावर पाठवणीची सनई टाकली, की मामा भाचीच्या विरहाने खचलेला दिसतो. बँड टाकला, तर तोच मामा मिश्कील. चेहरा तसूभरही हललेला नसतो! “डोळे बघतात, पण काय बघायचं ते कान सांगतात,” असं दौलत छाती फुगवून सांगायचा. पुढे त्याची मुलगी प्राची मानसशास्त्र शिकायला लागली, तेव्हा म्हणाली, “पप्पा, समोरच्याला काय वाटतंय ते मेंदू दोन्ही एकत्र करूनच ठरवतो. आम्हाला धडाच आहे यावर.” आपलं मिक्सिंग कॉलेजात पोचलं म्हणून दौलतने त्या दिवशी घरी जिलबी नेली.

गेल्या महिन्यात हेमांगीताई दुकानात आल्या. डोंबिवलीला शाळेत शिकवतात. त्यांचं लग्न दौलतनेच शूट केलेलं. आता त्यांच्या मुलीचं, श्रियाचं लग्न ठरलंय आणि तिला आईचं लग्न बघायचंय. कॅसेट काउंटरवर ठेवून त्या घुटमळल्या.

“दौलतदादा, शेवटचा तुकडा तेवढा काढून टाका. गाडी सुटल्यावर बाबा रडतायत तो.”

“अहो ताई, तोच तर कॅसेटचा जीव आहे!”

“मला बघवत नाही हो. नवरा मी पसंत केलेला. बाबा नाही म्हणाले नाहीत, पण तोंडभरून हो कधी म्हणालेच नाहीत. अबोल माणूस, हसणंसुद्धा मिशीतल्या मिशीत. आणि त्याच वर्षी दिवाळीच्या आत गेले. माझ्यापाशी त्यांचं हे एवढंच उरलंय, मी त्यांना रडवून गेले ते. श्रियाने हे बघून सासरी जायला नको.”

दौलतने कॅसेट लावली. गाडी फाटकातून बाहेर पडते आणि ताईंचे बाबा, मधुकरराव, दिसतात. डोळे घट्ट मिटलेले, तोंड वाकडं झालेलं, खांदे गदगदतायत, गालावर रुमाल. वर सनई. हेमांगीताईंनी मान फिरवली. दौलतला मात्र आपल्या कामाचा जरा अभिमानच वाटला, खोटं कशाला बोला!

पण शेवटचा तुकडा कापला तर वरची सनईही मध्येच तुटणार. नीट करायचं, तर मिक्सिंगच्या आधीची मूळ कॅसेट शोधून संगीत नव्याने चढवायला हवं. दौलतने मूळ कॅसेटी कधी पुसल्या नव्हत्या. त्यावरून विनिता, त्याची बायको, रोज डोकं खायची, “त्या पोरींना नातवंडं झाली, तुम्ही बसा त्यांची लग्नं सांभाळत.”

कॅसेट सापडली. आवाज बंद करून चित्र जोडायची त्याची जुनी सवय, पण या वेळी बटण चालूच राहिलं. बँड थांबला, गाडीचा हॉर्न लांब गेला, आणि मधुकररावांचा आवाज आला.

“थांबा रे, आत्ता परत येते की नाही बघा! शाळेत जाताना रोज फाटकातून मागे फिरायची. कधी डबा, कधी कंपास. आज काय विसरलीय कोण जाणे!”

आणि ते हसत सुटले. खो खो, दम लागेपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

दौलतने आवाज बंद केला. म्हातारा रडत होता. चालू केला, हसत होता. लग्नघरात गडबडीत आपल्याला ऐकू आलं नाही, हे ठीक; पण आयुष्यात एकदा मोकळेपणी हसलेल्या बापाला आपण सनई लावून रडवलं, आणि त्याच्या लेकीने ते खरं मानलं! पेनड्राइव्ह बाजूला ठेवून त्याने हेमांगीताईंना फोन लावला.

त्या आल्या. दौलतने नुसती मूळ कॅसेट लावली. बाबा बोलले, बाबा हसले. मिक्सिंगमध्ये दौलतने तिथेच कात्री लावलेली. मूळ कॅसेटवर पुढे अजून थोडं होतं. कोणीतरी म्हणालं, “चला, पंगत खोळंबलीय.” त्यावर बाबांचा आवाज, “तुम्ही व्हा पुढे. मी आहे फाटकात. काही विसरली असेल तर येईल.” मग कॅमेऱ्याकडे पाठ करून रस्त्याकडे बघत उभा राहिलेला माणूस. इथे कॅसेट संपली.

तेवढ्यात शेजारी पाडकामाचं मशीन धडधडायला लागलं. हेमांगीताईंचे डोळे मिटलेले, तोंड वाकडं झालेलं, खांदे गदगदत होते. हसतायत की रडतायत? सगळी उमर चेहरे बघण्यात गेलेल्या दौलतला काही केल्या सांगता येईना.

मशीन थांबलं तेव्हा त्या बोलत होत्या.

“वर काही चढवू नका, दादा. असंच द्या. त्या दिवशी पर्स विसरलेले हो मी. नाक्यावरच लक्षात आलं. म्हटलं, आता कुठे मागे फिरायचं, बाबा चिडतील.”