चारशे हिरव्या खुणा

डार्लीन ह्रिनचुक म्हणजे कॅनडातल्या विनिपेगच्या एका कंपनीतली सगळ्यात खमकी बाई. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांनी गळ्यात घालायचं धोक्याचं बटण बनवणारी कंपनी. बटण दाबलं की पहिल्या नंबरला फोन, तिथं कुणी उचलला नाही तर दुसऱ्याला. हे नीट चालतं का, हे बघणाऱ्या चाचण्या एकोणीस वर्षं हिनंच लिहिल्या. पडद्यावर सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. कुणी शंका काढलीच तर म्हणायची, "हिरवी खूण दिसतेय ना? मग गप बस."

गेल्या फेब्रुवारीत तिची आई न्हाणीघरात पडली आणि तिथंच गेली. दुसऱ्या दिवशी सापडली. बटण गळ्यातच होतं, पण डार्लीनला फोन आलाच नव्हता. "दाबलंच नसणार. हट्टीच ना ती!" असं ती दफनाच्या दिवशीही बोलली. कंपनीतली नोंद उघडून बघावी असं तिच्या डोक्यातही आलं नाही.

परवा तिच्या टीममधल्या टेओनं लिंटर बसवला, म्हणजे कोड न चालवता नुसता वाचून चुका दाखवणारा प्रोग्रॅम. जेवणाच्या सुट्टीत तो तिच्या टेबलाशी आला. ती डब्यातले पेरोगी, बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, खात होती.

"डार्लीन, चिडू नकोस हं. तुझ्या चारशे चाचण्यांमध्ये थांबायला सांगणारा शब्दच नाहीये. फोन लावायचा हुकूम सुटतो, आणि उत्तर यायच्या आत चाचणी पास होऊन मोकळी."

"म्हणजे बेल वाजवायची आणि दार उघडायच्या आत 'घरी आहेत' असं लिहून चालू लागायचं."

"अगदी तसंच."

पहिल्या चाचणीत तो शब्द लिहायचाच राहून गेला होता, बाकीच्या सगळ्या तिच्यावरून उतरवलेल्या. "टाक की मग," ती म्हणाली.

शब्द टाकल्यावर एकच चाचणी लाल झाली. पहिल्यानं उचलला नाही तर दुसऱ्याला फोन जातच नव्हता.

आईचा पहिला नंबर शेजारच्या स्टेफ्काबाईंचा. त्या हिवाळाभर ॲरिझोनात, इथला फोन बंद. दुसरा नंबर डार्लीनचा.

तिनं आईची नोंद उघडली. बटण सहा वेळा दाबलेलं. पहिल्यांदा सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, शेवटचं दुपारी पावणेदोनला. त्या वेळी डार्लीन याच खुर्चीत होती, फोन समोर टेबलावर. शेजारी उभा टेओ आता काहीतरी बोलत होता. तिला रडू येत नव्हतं, काहीच येत नव्हतं.

"मी तिला हट्टी म्हणाले रे," ती म्हणाली, आणि डब्याचं झाकण लावलं.