खळ पातळ कर

“आधी पूर्ण वाच. मग निकाल दे.”

हे म्हणताना सर चष्मा काढून उघड्या पुस्तकावर पालथा ठेवायचे आणि नाकावरचे दोन लाल वण चोळत बसायचे. वर्गात कुणी म्हणालं, “सर, ह्यो राजा लई वाईट हाय,” की चष्मा खाली. शिक्षकांच्या खोलीत कुणाची चहाडी सुरू झाली, की चष्मा खाली. एकदा माझ्या हातून चहाचं भांडं करपलं. घाबरत घाबरत विचारलं, “सर, कडू झालाय का?” तर म्हणाले, “कप संपू दे, मग सांगतो.” सगळा संपवला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, “कडूच आहे.”

असे मास्तर तुम्हीही पाहिले असतील. धोतराला खडूची पूड, आवाज दमलेला, पायऱ्या चढताना मध्येच थांबून झाडाकडे बघणारे. त्यांच्याकडे बघून वाटायचं, हा माणूस सकाळी उठतो तोच थकून.

मी त्या शाळेत शिपाई होतो. गाव नेवासा तालुक्यातलं, घोडेगावच्या बाजारापासून एस.टी.नं अर्ध्या तासावर. माझं घर कोकणात, खाडीच्या काठी. वडील गेले तेव्हा सहावीतून शाळा सुटली, आणि विशी ओलांडल्यावर मामाच्या ओळखीनं इथं हंगामी म्हणून लागलो. हंगामी म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. हेडमास्तरांनी सकाळी भुवई उचलली तरी दिवसभर मी त्यांच्या दारासमोरून जायचं टाळायचो. सगळं गाव मला कोकण्या म्हणायचं. सर तेवढे नावानं हाक मारायचे.

वर्गावर्गांत नोटीस फिरवायची तर मी नुसती वही घेऊन पळायचो. सरांनी एकदा दारातच अडवलं. “काय लिहिलंय त्यात?”

“माहीत नाही सर. सही घ्यायची.”

“काय नेतोयस ते वाचून ने रे बाबा. टपालपेटीसुद्धा तुझ्याइतकं बघत असेल.”

तेव्हापासून रोज नोटीस त्यांना वाचून दाखवायची, मग पुढं जायचं. जोडाक्षराला अडलो की ते थांबायचे, सांगायचे नाहीत. मला आज जे काही वाचता-लिहिता येतं, ते त्या नोटिशींवर. सुट्टीच्या अर्जांवर आणि फीच्या तारखांवर मी पुन्हा शिकलो.

बहात्तरचा दुष्काळ चालू होता. अकरावीचा निम्मा वर्ग खडी फोडायला गेलेला. गावासाठी सरकारी मदतीच्या सुकडीची पोती यायची ती चेअरमनच्या ओट्यावर उतरायची. चेअरमन म्हणजे आमच्या शाळा समितीचे. वाटपही तेच बघायचे. पोती यायची भरलेली आणि वाटपाला कमी पडायची, अशी कुजबुज होती. तोंडावर कुणी बोलत नव्हतं.

अकरावीला जादा वाचनाला एक जुनं नाटक होतं. नाव सांगत बसत नाही, आता ते कुणी वाचत असेलसं वाटत नाही. प्रती शाळेच्याच, वीस-बावीस. तास सुरू झाला की वाटायच्या, संपला की मी गोळा करायच्या. गोष्ट अशीच एका दुष्काळातली. मूठभर धान्य चोरताना एक बाई सापडते, तिला दरबारात उभी करतात. ती राजाला विचारते, माझ्या पदरात मूठभर सापडलं, पण सगळं कोठार रिकामं झालं ते कुणाच्या पदरात शोधणार? आणि कोठारपालाकडे बोट दाखवते.

मी बाहेर घंटेपाशी बसलो होतो. एका मुलीनं हे वाक्य वाचलं. मग मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, ह्यो कोठारपाल आपल्याच गावचा दिसतोय!”

वर्ग असा हसला की पत्र्यावरची कबुतरं उडाली. पहिल्या बाकावर चेअरमनचा पुतण्या होता. त्याचे कान लालबुंद.

“गप्प बसा,” सरांचा आवाज आला. “अजून दोन प्रवेश राहिलेत. आधी पूर्ण वाचा, मग...”

आणि मी घंटा दिली. वेळ झाली होती. मी वेळेचा पक्का होतो.

संध्याकाळपर्यंत पोरं रस्त्यानं “कोठारपाल, कोठारपाल” ओरडायला लागली. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधीच चेअरमन हेडमास्तरांच्या खोलीत.

“मास्तर, तुमी नाटक शिकवता का आमची वरात काढता?”

सर उभेच होते. “साहेब, पुढचे दोन प्रवेश वाचा. फार नाही, आठ पानं. वाचलंत तर तुम्हालाच बरं वाटेल.”

“मला बरं वाटाया मी काय आजारी हाय का? माझी नात इचारती, आजा, कोठारपाल म्हंजी काय. काय सांगू तिला? ती पानं उद्यापासनं दिसाया नकोत.”

“फाडायची का?” हेडमास्तर म्हणाले.

“फाडू नका. तपासनीत दिसतंय. चिकटवून टाका.” मग त्यांची नजर दाराशी माझ्यावर आली. “ह्यो कोकण्या हाय की रिकामा. खळीला पीठ मी धाडतो.”

कागदावर काही लिहिलं गेलं नाही. सरांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला, पुन्हा लावला. “ठीक आहे,” म्हणाले. ते भांडले नाहीत, हे मला तेव्हा आवडलं नव्हतं. पण निकाल लवकर द्यायचा नाही म्हणतात ना.

दुपारी पितळी डब्यातून पीठ आलं. गव्हाचं. पांढरं. तुम्ही त्या वर्षी तिकडं नसाल तर याचा अर्थ कळणार नाही. आम्ही सगळे सहा महिने रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी खात होतो, भाकरी थापावी तर हातातच फुटायची. डब्याचं झाकण काढलं आणि मी नुसता वास घेत उभा राहिलो.

प्रयोगशाळेतल्या स्टोव्हवर भांडं चढवलं. तासाला जाता जाता सर दारात थांबले. “खळ पातळ कर.”

“हो सर.”

ते गेले आणि मी विचारात पडलो. पातळ करायची तर पीठ उरणार. उरलेलं परत पाठवलं तर कमी भरलं म्हणतील. इथं ठेवलं आणि रात्रीतून कुणी नेलं, तर नाव कोणाचं? कोकण्यानं पोळ्या करून खाल्ल्या. हंगामी माणसाला एवढं पुरतं. मी सगळं पीठ घातलं. शिवाय कसर लागू नये म्हणून वर मोरचूद टाकलं, मामाकडे पुस्तकं बांधताना पाहिलं होतं. खळ अशी झाली की पळी उभी राहावी. मला अभिमान वाटला.

तास संपवून सर आले आणि बाही वर करून माझ्या शेजारीच बसले. मी खळ लावायचा, ते पान दाबायचे. भांड्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं, पानांकडे होतं.

“पुढं काय होतं सर, त्या कोठारपालाचं?” मी विचारलं.

“त्यानं काही घेतलेलंच नसतं. राजाच्या मेहुण्यानं गाड्या भरून नेलेल्या असतात.”

माझा हात थांबला. “म्हणजे तो सुटतो?”

“सुटतो. याच पानावर.” आणि त्यांनी ते पान दाबलं.

“मग चेअरमनना सांगा की!”

“सांगून बघितलं. तू होतास.”

“आणि ती बाई खोटं बोलली?”

“तिला जेवढं दिसलं तेवढं ती बोलली. सगळं ठाऊक होतं ते एकालाच. दारावरच्या पहारेकऱ्याला. गाड्या त्याच्या समोरून गेल्या. नोकरी जाईल म्हणून गप्प राहिला बिचारा.”

“मग राजा त्याला काय शिक्षा करतो?”

सरांनी चष्मा काढला. पण ठेवायला कोरडी जागा नव्हती, तो तसाच हातात राहिला. “शेवटच्या पानावर आहे. तू वाच कधीतरी. मी सांगणार नाही.”

शेवटचं पानही आम्ही चिकटवलं.

सगळं झाल्यावर त्यांनी पहिली प्रत उचलली आणि नखानं कोपरा सोडवून बघितला. सुटेना. दुसरी घेतली. तीही नाही. मग भांड्यात बोट घातलं आणि ते बोट कितीतरी वेळ बघत राहिले.

“पातळ म्हटलं होतं रे तुला. उन्हाळ्यात आपोआप सुटली असती.”

“सर, पीठ उरलं असतं तर लोक म्हणाले असते...”

त्यांना ते कळलं असावं. धोतराला बोट पुसलं आणि म्हणाले, “असू दे. काम चांगलं झालंय.”

पुढचे दोन प्रवेश त्या वर्गानं वाचलेच नाहीत. सरांनी तोंडी सांगायला सुरुवात केली तर पुतण्या उठून हेडमास्तरांकडे गेला, तेही थांबलं. पोरांना माहीत राहिलं ते एवढंच, बाईनं बोट दाखवलं आणि मग पानं चिकटली. म्हणजे नक्की काहीतरी असणार! चेअरमनना गावानं मरेपर्यंत कोठारपाल म्हटलं. त्यांनी सुकडी खाल्ली होती का, मला आजही ठाऊक नाही. त्यांना सोडवणारं पान मात्र त्यांच्याच घरच्या गव्हानं चिकटवलेलं होतं.

तीनेक महिन्यांनी तपासणी आली. तपासणीच्या साहेबांनी कपाटातून नेमकं तेच पुस्तक ओढलं. पानं उलटता उलटता अंगठा अडला. दुसरी प्रत, तिसरी.

“हा काय प्रकार आहे? कुणी केलं?”

खोलीत हेडमास्तर होते, चेअरमन होते, सर होते, आणि पाण्याचे ग्लास घेऊन मी. हेडमास्तर रजिस्टर चाळायला लागले. चेअरमन वर पत्र्याकडे बघत होते.

साहेबांनी कोपरा खरवडला. “मोरचूद घालून पक्कं केलंय. हे शिक्षकाचं काम नाही. शिपाई कोण इथला?”

मी ट्रे घेऊन दाराकडे एक पाऊल मागं सरकलो.

“मी केलंय,” सर म्हणाले. “खळ माझी.”

“कुणाच्या सांगण्यावरून?”

सरांनी चेअरमनकडे बघितलं नाही. माझ्याकडेही नाही. “ते कागदावर नाही. कागदावर नाही ते मी कसं सांगू?”

मी ग्लास ठेवले आणि बाहेर आलो. तोंड उघडलं नाही. घंटेपाशी जाऊन बसलो आणि वेळ झाल्यावर घंटा दिली.

सरांची बदली झाली. संस्थेची श्रीगोंद्याकडे शाखा होती, तिथं. निघाले तेव्हा एक ट्रंक, एक वळकटी. मी स्टँडवर सामान नेलं. सगळी वाट एकच वाक्य मनात जुळवत होतो. ट्रंक टपावर चढवून खाली उतरलो आणि म्हटलं, “सर, मी बोलायला हवं होतं.”

“कायम झालास का?”

“अजून नाही.”

“झालास की कळव.” पिशवीतून त्यांनी एक पुस्तक काढलं. तपासणीनंतर बाद झालेल्या प्रतींतलीच एक. “वाफेवर धर. घाई करू नकोस. एकेक पान.”

गाडी सुटली. खिडकीत त्यांनी चष्मा काढून नाक चोळलेलं मला दिसलं.

दोन वर्षांनी कायम झालो. कार्ड टाकलं. उत्तर आलं, “आनंद झाला. पुस्तक वाचलंस का?” त्याला मी उत्तर दिलं नाही. काय लिहिणार? पुस्तक पेटीत तळाशी होतं, आणि पहारेकऱ्याचं काय झालं ते कळून घ्यायची माझी छाती नव्हती. असं करता करता वर्षं गेली. मग एकदा श्रीगोंद्याकडून बदलून आलेल्या एका मास्तरांनी चहा पिता पिता सहज सांगितलं, ते तर गेले की, मागच्या उन्हाळ्यात.

त्या रविवारी चहाचं आधण ठेवलं आणि पुस्तक वाफेवर धरलं. घाई केली नाही. एकेक पान सुटत गेलं, कडेला मोरचुदाची हिरवी रेघ. जोडाक्षरांशी थांबत थांबत वाचलं. कोठारपाल सुटला. बाईला राजानं खाली उतरून धान्य दिलं. शेवटच्या पानाला आलो तेव्हा कागद इतका मऊ झाला होता की बोट लागताच सालासारखा निघाला आणि समोरच्या पानाला चिकटून राहिला.

राजा पहारेकऱ्याकडे वळतो. “आणि तू,” एवढं वाचता येतं. पुढच्या ओळींवर माझी खळ आहे.