नऊ सकाळींची हजेरी

मी गणिताची बाई. चौतीस वर्षं शिकवलं, त्यामुळे सिद्ध झाल्याशिवाय काही मानायचं नाही ही सवय हाडात मुरलेली. घरात कुणी भुताखेतांचा विषय काढला की मी उठून चहा टाकायला जाते. या सदरातले अनुभव वाचून मी मनसोक्त हसलेही आहे, तेव्हा आज मला कुणी हसलं तर तक्रार नाही. पण हे एकदा लिहून मोकळं व्हायचंय... होता येतं का, बघू.

७४ सालचा फेब्रुवारी. शिरूरमधल्या मुलींच्या एका खाजगी शाळेत मी नुकतीच लागले होते — वय तेवीस, अंगात नको इतका उत्साह. अभ्यासात मागं पडलेल्या मुलींना जादा शिकवायचं काम माझ्याकडं होतं. आमच्या मुख्याध्यापिका, सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणायचे, फार कडक. पण त्यांचा एक नेम होता. मुलगी सलग तीन दिवस गैरहजर राहिली की चौथ्या दिवशी बाई स्वतः एसटीनं तिच्या घरी जायच्या. आजारी असेल तर औषधपाण्याचं बघायच्या. लग्नाचा घाट घातलेला असेल तर बापाला असं फैलावर घ्यायच्या की विचारू नका. दोन मुली त्यांनी अशा परत आणल्या होत्या.

सुमन आठवीत होती, न्हावऱ्याहून यायची. संध्याकाळची गाडी चुकू नये म्हणून तिला मी सकाळी, शाळा भरायच्या आधी तासभर, एकटीलाच शिकवायचे. जिन्याखाली नकाशे ठेवायची खोली होती, तिथं. पोरगी गणितात एकदा नापास झालेली. यंदाही राहिली तर शाळा बंद आणि लग्न, असं वडिलांनी बजावलेलं. बीजगणितात अवयव पाडायचे म्हटलं की तिचं घोडं अडायचं.

एका सोमवारी ती दप्तराशिवाय आली. केसांत भुसा.

"वही कुठंय गं?"

"घरी हाय बाई."

मी फळ्यावर शिकवायला लागले. ती तोंडी उत्तरं देत होती. मध्येच म्हणाली, "बाई, दार उघडा की."

दार सताड उघडं होतं. "उघडंच आहे की," मी म्हटलं आणि पुढं शिकवत राहिले. मंगळवारी तेच. बुधवारी तेच. तास संपला की मी फळा पुसायला वळायचे, तोवर ती गेलेली असायची. मुली पळतातच, त्यात मला काही वावगं वाटलं नाही. माझ्या वहीत रोज तिच्या नावापुढं हजर.

गुरुवारी मोठ्या बाई खांद्याला पिशवी लावून निघालेल्या. "सुमन तीन दिवस वर्गात नाही. न्हावऱ्याला जाऊन येते."

"अहो बाई, ती रोज येते माझ्याकडं. आत्ताच तर शिकवून आले!"

"मग अकराला शाळा भरल्यावर जाते कुठं?"

मला वाटलं, पोरगी वर्ग बुडवून कुठंतरी उंडारते. हे घरी कळलं तर बापाला आयतं निमित्तच मिळेल. मी हातापाया पडले — "तुम्ही जाऊ नका, मी समजावते तिला." बाईंनी पिशवी खाली ठेवली. पोरीला वाचवल्याचं केवढं समाधान वाटलं होतं मला त्या दिवशी!

दुसऱ्या दिवशी मी तिला चांगलंच झापलं. ती रडली नाही. म्हणाली, "बाई, दार उघडा."

मी चिडून उंबऱ्यात जाऊन उभी राहिले, हात बाहेर काढून दाखवला. "हे बघ! आहे का काही आडवं?" ती माझ्या हाताकडं बघतच नव्हती. खाली कुठंतरी, कडीच्या उंचीवर बघत होती.

तेव्हापासून मला त्या खोलीत कोंडल्यासारखं व्हायला लागलं. समोर उघडं दार, बाहेर ऊन, आणि आत जुन्या ज्वारीचा वास, घसा कोरडा. कधी एकदा व्हरांड्यात जाते असं व्हायचं. वर्गात ती अजूनही बसत नव्हती, मोठ्या बाईंकडं मी रोज एकेक दिवस मागून घेत होते. पण पोरगी शिकत होती हो! नवव्या दिवशी तर मी फळ्यावर बैजिक राशी लिहून पूर्ण करायच्या आत तिनं अवयव सांगितले. त्या आनंदात मी बाकी सगळं विसरले.

दहाव्या दिवशी ती आली नाही. संध्याकाळी मी एसटी स्टँडवर न्हावऱ्याच्या गाडीचा कंडक्टर गाठला.

"सुमी व्हय? आज लगीन लागलं की तिचं. वरवंडला दिली."

"असं कसं? काल सकाळी तुमच्याच गाडीनं आली ना ती?"

"न्हाई वो बाई. धा दिस झालं, गाडीत चढलीच न्हाई. लग्नाला न्हाई म्हनत व्हती म्हून बापानं कोंडलीया, असं लोक म्हनत व्हते."

मोठ्या बाई दुसऱ्या दिवशी न्हावऱ्याला जाऊन आल्या. त्या सोमवारपासून सुमन धान्याच्या खोलीत होती, बाहेरून कडी घालून. बाईंनी माझी वही मागितली. नऊ वेळा हजर लिहिलेलं पाहिलं. मला खोटारडी म्हणाल्या नाहीत. "मी पिशवी खाली ठेवायला नको होती," एवढंच म्हणाल्या. ते वाक्य खरं तर माझ्या वाटचं होतं.

दोन वर्षांनी दौंडला जाताना वरवंडला एक बाई सासूबरोबर गाडीत चढली. सुमन. गर्दीत माझ्याजवळ उभी राहिली.

"बाई, वळखलं का?" मग हळूच म्हणाली, "मला कोंडलं व्हतं ना, तवा रोज सकाळी तुमचा आवाज यायचा. समदं शिकवनं आयकू यायचं. तुम्ही म्हनायच्या, दार उघडंच हाय... मी रोज ढकलून बघायची."

भर एसटीत मी तिचे हात धरून माफी मागितली. तिला ती कशाबद्दल तेच कळेना.

मला भास झाला असेल म्हणावं, तर तिला ऐकू कसं आलं? ती खरंच येत होती म्हणावं, तर कडी बाहेरून होती. पन्नास वर्षं हे उदाहरण सोडवतेय, उत्तर येत नाही. आणि आलं तरी मोठ्या बाई त्या गुरुवारी न्हावऱ्याला जाणार आहेत का?

त्या दिवशी गाडीत पाटसला बसायला जागा झाली. सासूनं हाक मारली. सुमन वळली आणि थांबली.

"बाई, परीक्षेला बसले असते तर पास झाले असते का वो मी?"

"झाली असतीस," मी म्हटलं. "चांगल्या मार्कांनी."

तिनं मान हलवली आणि सासूशेजारी जाऊन बसली.