इंटर्नशिप करता करता झालेला टीबी

छातीविकार विभागाच्या मॅडम मला "बस" म्हणाल्या, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे मी ओळखलं. आम्हा इंटर्नशी त्या एरवी उभ्याउभ्याच बोलायच्या. समोर उजेडावर एक एक्स-रे लावला होता. उजव्या बाजूला खाली पांढरं भरून आलेलं, वर एक धूसर डाग. असे एक्स-रे मी रोज बघत होते. या एक्स-रेवर माझं नाव होतं.

"प्लूरल इफ्यूजन आहे," मॅडम म्हणाल्या. म्हणजे फुप्फुसाभोवतीच्या आवरणात पाणी साठलं होतं. "तपासण्या करूच, पण मला टीबी वाटतोय."

माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "मॅडम, घरी बाळ आहे."

मी फिजिओथेरपी शिकते. शेवटची परीक्षा झाली की सहा महिने इंटर्नशिप करावी लागते, तेव्हा डिग्री मिळते. माझी इंटर्नशिप परळच्या एका हॉस्पिटलात चालू होती. हाडांचा विभाग, मेंदूचा विभाग असं करत मी छातीच्या वॉर्डात आले होते. पेशंटना खोल श्वास घ्यायला शिकवायचं, पाठीवर हळूहळू थापटून कफ मोकळा करायचा, हे आमचं काम. हेच काम आयुष्यभर करायचं की नाही, हे या सहा महिन्यांत ठरवायचं असं मी मनाशी म्हटलं होतं.

घर काळाचौकीला, चाळीत. आई, बाबा, दादा, वहिनी, मी आणि दादाची मुलगी ओवी. ओवी तेव्हा जेमतेम बसायला लागली होती. सुट्टीच्या दिवशी दुपारी ती माझ्याच कुशीत झोपायची.

खोकला बरेच दिवस होता. परळमध्ये जिकडेतिकडे टॉवरचं बांधकाम चालू, धुळीने होत असेल म्हणून मी सोडून दिलं. संध्याकाळी अंग गरम लागायचं. दिवसभर उभं राहिल्यावर कोणालाही लागेल. कुर्ते सैल झाले तेव्हा तर मला बरंच वाटलं. मग एक दिवस पेशंटला उठवून बसवताना उजव्या बरगडीखाली अशी कळ आली, की पेशंटनेच मला धरलं. तुम्ही हॉस्पिटलात काम करत असाल, तर एवढं ऐका. आपला खोकला दुसऱ्या कोणालातरी दाखवा. स्वतःच स्वतःला तपासत बसू नका.

पाणी काढायला मला स्टुलावर बसवलं, पुढे टेबलावर उशी ठेवून तिच्यावर वाकायला सांगितलं. पाठीत सुई घातली. याला टॅपिंग म्हणतात. बधिर करतात, त्यामुळे फार दुखत नाही, पण आत काहीतरी ओढलं जातंय हे कळत राहतं. बाटलीत पिवळं पाणी भरत गेलं. थुंकीची सीबीनॅट झाली. या तपासणीत टीबीचे जंतू आहेत का हे कळतं, आणि टीबीचं एक मुख्य औषध त्यांच्यावर चालेल का हेही. जंतू होते. औषध चालणार होतं. मॅडम म्हणाल्या, "ही चांगली बातमी आहे, सुप्रिया." मी मान हलवली. चांगलं काय आणि वाईट काय, हे समजून घेण्याइतकी ताकद नव्हती.

घरी सांगितलं तेव्हा वहिनी ओवीला भरवत होती. तिने वाटी खाली ठेवली.

"मी तुला दोष देत नाही," ती म्हणाली. "पण मला हिला इथे ठेवायची भीती वाटते."

"वहिनी, तू जा. मीच सांगणार होते."

त्याच संध्याकाळी दादा दोघींना वडाळ्याला वहिनीच्या माहेरी सोडून आला. निघताना ओवीने सवयीने माझ्याकडे हात पुढे केले. मी तोंडावर मास्क लावून खिडकीपाशी उभी होते. जागची हलले नाही.

दुसऱ्या दिवशी ओवीच्या हातावर टोचून चाचणी केली. एक्स-रेसुद्धा काढायचा होता. ते सगळं कळेपर्यंतचे दिवस मी कसे काढले, ते मला नीट आठवतसुद्धा नाही. माझ्या आजाराचं मला फारसं काही वाटत नव्हतं. त्या एवढ्याशा छातीचा एक्स-रे मात्र डोळ्यांसमोरून जात नव्हता.

गोळ्या सुरू झाल्या. लघवी केशरी होते. घाबरू नका, औषधाचा रंग असतो. मळमळ मात्र जीव नकोसा करते. आई पेज घेऊन बसायची. "खा गो बाय, दोन घास खा." त्या वासानेच मला उलटी यायची. आई लादी पुसायची आणि थोड्या वेळाने पुन्हा वाटी घेऊन यायची.

चाळीत आईने टायफॉइड सांगितला होता. शेजारच्या काकू दारात आल्या की ती लगबगीने पडदा ओढायची. मी विचारलं तर म्हणाली, "उद्या तुझं लग्न जमवायचं आहे ना?" भांडायला माझ्यात त्राण नव्हतं. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

काही आठवड्यांनी डोळे पिवळे झाले. लिव्हर फंक्शन टेस्ट, म्हणजे यकृताची तपासणी, बरीच बिघडलेली आली. ड्रग-इंड्यूस्ड हिपॅटायटिस, म्हणजे औषधांमुळेच यकृताला आलेली सूज. सगळ्या गोळ्या बंद करून मला दाखल केलं. जे औषध बरं करणार होतं, तेच थांबवावं लागलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की यातून आपण काही उठत नाही.

मी ज्या हॉस्पिटलात शिकत होते, तिथेच आता पडून होते. माझ्यानंतरच्या बॅचची एक मुलगी सकाळी यायची. तिच्या हातात स्पायरोमीटर असायचा. श्वास ओढून आतले तीन चेंडू वर उचलायचे, अशी ती प्लॅस्टिकची डबी. कितीतरी पेशंटना मी तो हातात दिला होता.

"ताई, अजून एकदा. तुम्हाला तर माहीतच आहे."

मी श्वास ओढला. एक चेंडू वर गेला. दुसरा जागचा हलला आणि पडला. बरगडीत चमक निघाली, डोळ्यांत पाणी आलं.

"अजून एकदा," ती म्हणाली. अगदी माझ्याच सुरात.

"थांब गं जरा," मी म्हटलं. "मला फक्त थोडा वेळ बसू दे."

ती गोंधळली, मग स्टूल ओढून बसली. आम्ही दोघी खाली रस्त्यावरचे हॉर्न ऐकत राहिलो. दिवसभरात मला सगळ्यात बरं वाटलं ते तेवढा वेळ. नंतर आपणहून मी पुन्हा श्वास ओढला.

ओवीची पहिली चाचणी धड कळली नव्हती, म्हणून ती आणि एक्स-रे दोन्ही पुन्हा केले होते. दाखल असतानाच वहिनीचा फोन आला. ती रडत होती, त्यामुळे आधी मला काही कळेना. "क्लिअर आहे गं. दोन्ही क्लिअर आहे." ओवीला टीबी नव्हता. पुढे तो होऊ नये म्हणून सहा महिने रोज एक औषध चुरून द्यायचं होतं, एवढंच. मी फोन छातीवर ठेवला आणि आईकडे बघितलं. आईला माझ्या तोंडावरूनच कळलं. तिने फोन उचलून कानाला लावला.

यकृत सावरल्यावर मला घरी सोडलं आणि मॅडमनी औषधं एकेक करून पुन्हा सुरू केली. प्रत्येक औषधानंतर रक्त तपासायचं, वाट बघायची, मग पुढचं. हॉस्पिटलात तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर आई माझ्या शेजारी बसून असायची. तिचे पाय सुजायचे. घरी जा म्हटलं तर म्हणायची, "घरी जाऊन तरी काय करू?"

एका सकाळी आई गॅलरीत कपडे वाळत घालत होती. खाली मंडळाच्या मांडवासाठी बांबू उतरवत होते. शेजारच्या काकूंनी विचारलं, "सुप्रियाचा टायफॉइड उतरला का? फारच लांबला हो."

मी आत पडून ऐकत होते. आईने हातातला कपडा झटकून दोरीवर टाकला. मग म्हणाली, "टायफॉइड नव्हता. टीबी झालाय तिला. पेशंटची सेवा करताना झाला. औषध चालू आहे, आता तिच्यापासून कोणाला भीती नाही."

काकू म्हणाल्या, "अगो, मग आधी सांगायचंस ना. माझ्या धाकट्या दिराला झाला होता." आणि त्या दिराची सगळी हकिकत सांगत बसल्या. आई आत आली आणि तिने दाराचा पडदा बाजूला सारला. त्या दिवसापासून तिने तो पुन्हा ओढला नाही.

वहिनी आणि ओवी परत आल्या. ओवीने आधी मला ओळखलंच नाही. दोन दिवस लागले.

उपचार संपत आले तेव्हा मी इंटर्नशिपला परत गेले. मॅडमनी विचारलं, "छातीच्या वॉर्डातलं काम बाकी आहे तुझं. जमेल?" मी खरं ते सांगितलं, की वॉर्डात पाऊल टाकताना मला धडधडतं. त्या म्हणाल्या, "मग बाह्यरुग्ण विभागात बस. खिडक्या मोठ्या आहेत. यात कमीपणा काही नाही." मी आजही मोठी शूर झालेली नाही. संध्याकाळी पाय ओढत घरी येते. मास्क सोडत नाही. दुसरं काही शिकावं का, असं अधूनमधून मनात येतं. पण सकाळ झाली की जाते.

मॅडमचे, त्या स्टूल ओढून बसणाऱ्या मुलीचे, वहिनीचे आभार मानायचे आहेत. आईचे कसे मानायचे ते मला माहीत नाही.

परवा बाह्यरुग्ण विभागात एक बाई आल्या. लालबागच्या. नुकताच टीबी निघालेला, हातात गोळ्यांची पिशवी. मी श्वासाचा व्यायाम सांगत होते आणि त्या नुसत्या मान हलवत होत्या. त्यांचं लक्ष नव्हतं हे मला दिसत होतं. मी बोलणं थांबवलं आणि म्हटलं, "मलाही झाला होता."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"मग आता जेवण जातं?" त्यांनी विचारलं.

"जातं," मी म्हटलं. "सुरुवातीला नाही जात. पाण्याचाही वास येतो. मग हळूहळू जातं."

आल्यापासून ताठ बसलेल्या त्या बाई पहिल्यांदा खुर्चीला टेकल्या. मीही स्टूल ओढलं आणि त्यांच्या शेजारी बसले. व्यायामाची घाई नव्हती.