डुलणारं काडतूस

अमेरिकेतल्या बिटररूटच्या खोऱ्यात वर्लिन हॉगनइतक्या बढाया मारणारा माणूस शोधून सापडायचा नाही. दुकानातली काडतुसं म्हणजे त्याच्या लेखी कचरा. गॅरेजात आपण स्वतः वापरलेल्या नळकांड्यांत पुन्हा भरलेल्या काडतुसांना तोड नाही म्हणे! शेजारी, मेहुणे, चर्चमध्ये गाणारा ऑरिन, सगळ्यांना हा डबे भरभरून वाटणार. बायको आर्डिथ मात्र रोज बघायची, पठ्ठ्याचे डोळे टीव्हीवरच्या फुटबॉलकडे आणि हात काडतुसांच्या बुडात टोप्या दाबतायत. टोपी म्हणजे ती चिमुकली धातूची वाटी. चाप ओढला की तिच्यावर ठोका बसतो, ती पेटते आणि आतली दारू पेटवते. ती पार तळाला टेकायला हवी. त्यासाठी आधी खाचेतली जुनी काजळी खरवडायची, मग प्रत्येक बुडावरून अंगठा फिरवून बघायचा.

"अंगठा फिरव की रे जरा," ती म्हणायची.

"माझ्या बोटांना कळतं गं," असं म्हणून हा पडद्याकडे बघून ओरडायचा, "अरे, पळ की गाढवा!"

बोटांना कळतं! शर्टाची बटणं एक काज सोडून लावणारा माणूस हा.

यंदा आर्डिथच्या नावाची चिठ्ठी निघाली. डोंगरापलीकडच्या राखीव भागात एक नर एल्क, म्हणजे सांबरासारखं थोरलं हरीण, मारायचा परवाना. तिचा बाप त्यासाठी मरेपर्यंत अर्ज करत राहिला, त्याला काही तो मिळाला नाही. आता त्याच्याच रायफलीनं तिला तो एल्क घ्यायचा होता. तिनं दुकानातून काडतुसं आणलीसुद्धा, पण वर्लिननं तोंड असं पाडलं की विचारू नका.

"लोक काय म्हणतील? घरचीच बाई दुकानातलं वापरते?"

इथंच ती चुकली. घेतली बिचारीनं त्याची.

पहाटे झाडीतून नर बाहेर आला, चांगला थोराड. तिनं नेम धरला, चाप ओढला. नुसतंच टक्!

बार उडाला नाही तर रायफल तशीच रोखून थांबायचं, कारण तो उशिरानंही उडतो. हा नियम वर्लिननंच सगळ्या गावाला शिकवलेला. आणि आता तोच कानाशी, "उघड, उघड! दुसरं घाल!" त्या आवाजानं एल्कनं मान वळवली आणि तो झाडीत दिसेनासा झाला. आर्डिथनं उरलेली काडतुसं काढून अंगठा फिरवला. टोप्या वर आलेल्या. पहिला ठोका टोपीला आत ढकलण्यातच वाया गेला होता. ती तिथंच बसून रडली.

मोसम संपेपर्यंत तो नर काही पुन्हा दिसला नाही.

शेवटच्या संध्याकाळी मॅव्हिसच्या हॉटेलात वर्लिन दोस्तांना रंगवून सांगत होता, "काडतुसाचा काय दोष? हिचाच हात कापला. बायकांचं असंच!"

आर्डिथच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं खिशातलं त्याचं एक काडतूस टेबलावर बुडावर उभं केलं. ते डुलायला लागलं.

"टेबल वाकडंय," वर्लिन हसला.

तिनं शेजारी दुकानातलं ठेवलं. ते ताठ उभं राहिलं. ऑरिननं गुपचूप कोटातून वर्लिननं दिलेलं काढलं. तेही डुललं.

"टेबलच वाकडंय म्हटलं ना," वर्लिन पुटपुटला.

आर्डिथनं पर्समधून परवाना काढून त्याच्या कपाशेजारी ठेवला.

"मग हा घडी करून टेबलाच्या पायाखाली घाल. नाहीतरी आता कशाला लागणार मला?"