आईंनी पाहिलेली चार हॉटेलं

माझ्या नवऱ्याकडे एका हॉटेल कंपनीचं प्लॅटिनम कार्ड आहे. त्याची इंजिनिअरिंगची पदवी माळ्यावर कुठल्यातरी पेटीत पडली आहे, हे कार्ड मात्र पाकिटाच्या पहिल्या कप्प्यात असतं. बरीच वर्षं त्याचा आठवड्यातला एखाद-दुसरा मुक्काम बंगळुरू, चेन्नई किंवा मुंबईत पडायचा, आणि तो हट्टानं त्याच कंपनीच्या हॉटेलात उतरायचा. वर्षात चाळीस रात्री भरल्या की पुढच्या वर्षासाठी प्लॅटिनम. मग मोठी खोली मिळते, दुपारपर्यंत ती सोडावी लागत नाही, टेबलावर फळांची थाळी येते आणि काउंटरवरची माणसं नावानं हाक मारून स्वागत करतात. मला वाटतं त्याला खरं हवं असायचं ते हे शेवटचं. घरी मी ‘अहो’ म्हणते आणि त्याची आई ‘अरे’ म्हणते.

गेल्या वर्षी त्याच्या कंपनीनं मीटिंगा स्क्रीनवर आणल्या आणि फिरती थांबली. डिसेंबर उजाडला तेव्हा सदतीस रात्री झाल्या होत्या. हे त्यानं आम्हाला नाश्त्याच्या वेळी सांगितलं, कुणी नातेवाईक दवाखान्यात असल्याचं सांगावं तशा आवाजात. तीन रात्री भरल्या नाहीत तर तो गोल्डवर घसरणार होता. गोल्ड वाईट असतं का, असं मी विचारलं. गोल्डवाल्यांना फळं मिळत नाहीत, असं तो म्हणाला आणि पुढं पोहे खाल्ले नाहीत.

बाहेरगावी जावं तर त्याला रजा मिळेना, आणि सासूबाईंचे गुडघे लांबच्या प्रवासाला तयार नव्हते. तेव्हा ठरलं असं, की आपण राहतो त्याच शहरात तीन रात्री हॉटेलात काढायच्या. आमचं घर हिमायतनगरला. हैदराबादेत त्या कंपनीची हॉटेलं चार: एक तलावाजवळ, एक हायटेक सिटीत, एक विमानतळाच्या वाटेवर आणि एक बंजारा हिल्सवर. नवऱ्यानं लॅपटॉपवर तक्ता केला. अंतर, नाश्ता, मोठी खोली मिळण्याची शक्यता, लोकांचे अभिप्राय. आठ दिवस रोज संध्याकाळी तो गुण बदलायचा आणि रोज चारही हॉटेलं जवळजवळ सारखीच यायची.

सासूबाई, म्हणजे आई, शेजारी बसून मटार सोलत हे ऐकत होत्या. वय शहात्तर. सासरे गेल्यावर, सहा वर्षांपूर्वी, त्या पुण्याहून आमच्याकडे आल्या. उभ्या आयुष्यात त्या हॉटेलात राहिल्या नव्हत्या. त्यांच्या मते कुठल्याही गावात आपलं कुणीतरी असतंच आणि तिथंच उतरायचं असतं.

नवव्या दिवशी नवरा ऑफिसला गेल्यावर त्या म्हणाल्या, “त्या तक्त्यात खोली कशी दिसते ते कुठं आहे? न बघता कसा ठरवणार हा? साडी बदल, आपण बघून येऊ.”

मी म्हटलं, असं कुणी दाखवत नाही. त्या तोवर चपला शोधायला लागल्या होत्या.

नवऱ्याला मी कळवलं की आम्ही दिलसुखनगरला ब्लाउजपीस आणायला चाललोय. एवढं खोटं माझं. पुढचं सगळं आईंचं.

पहिलं पाहिलं तलावाजवळचं. काउंटरवरचा मुलगा नम्रपणे म्हणाला की बुकिंगशिवाय खोली दाखवता येत नाही. मी वळले. आई वळल्या नाहीत. त्यांनी पदर सारखा केला आणि आपल्या पुणेरी हिंदीत सांगितलं की आमचं घरचं फंक्शन आहे, माझं सहस्रचंद्रदर्शन. त्याला समजेना, तेव्हा त्यांनी शांतपणे समजावलं: माणसानं आयुष्यात हजार पौर्णिमा पाहिल्या की मुलं आईबापांचा सोहळा करतात, ऐंशी वर्षं पुरी झाल्यावर. पाव्हणे बाहेरगावहून येणार, त्यांची उतरायची सोय कशी काय आहे ते बघायला हवं.

पाच मिनिटांत एक मॅनेजर आले. हॉल दाखवला, हिरवळ दाखवली, मग पाव्हण्यांसाठी खोल्या दाखवल्या. आईंनी गाद्या दाबून पाहिल्या, न्हाणीघरातला नळ सोडून पाहिला, बादली का नाही म्हणून विचारलं. नंतर आम्हाला कॉफी आणि काजूची बिस्किटं मिळाली. परत येताना रिक्षात मी म्हटलं, आई, हे काही बरं नाही केलं आपण.

“चार वर्षांनी होणारच आहे ना?” त्या म्हणाल्या. “आत्तापासून बघून ठेवलं, यात खोटं काय?”

मी इथल्याच गौलीगुड्यात वाढलेली. आमचं घराणं निजामाच्या काळात मराठवाड्यातून इथं आलं. माझ्या तोंडात अजून ‘हौ’ आणि ‘नक्को’ येतं, आणि लग्न झाल्यावर पुण्याच्या मंडळींनी ते चांगलंच टिपून ठेवलं होतं. वागणुकीचे, बोलण्याचे धडे मी आईंकडून घेतलेले. त्या रिक्षात मला पहिल्यांदा वाटलं की शिकायचं ते राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी हायटेक सिटीतल्या हॉटेलात जाताना त्यांनी रेशमी साडी नेसली, मोत्यांची कुडी घातली. पाव्हणे शंभराचे दीडशे झाले. तिथल्या खोलीत न्हाणीघर आणि पलंग यांच्यामध्ये भिंतीऐवजी काच होती. आई तिच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या, मग मराठीत मला हळूच विचारलं, हे कुणासाठी गं? मी म्हटलं, पडदा आहे आई. मग काच कशाला लावली, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी पडदा ओढून दाखवला. ते हॉटेल बाद झालं. विमानतळाच्या वाटेवरचंही झालं, कारण तिथला प्रत्येक माणूस बॅग ओढत घड्याळ बघत होता आणि आईंना बघूनच दम लागला.

चौथं बंजारा हिल्सवरचं. चारांत जुनं, लिफ्ट सावकाश चालणारी. तिथं आम्हाला भेटली ती विक्री विभागातली एक मुलगी, तिशीच्या आतली, करडा कोट घातलेली, हातात वही. आधीच्या तिन्ही हॉटेलांतल्या माणसांनी नुसत्या माना डोलावल्या होत्या. ही, आई गाद्या दाबून बघत होत्या तेव्हासुद्धा, सगळं लिहून घेत होती. स्टेज किती उंच हवं, अम्मांसाठी उतार लागेल का, जेवण पंगतीचं की उभ्यानं. ओवाळायला हजार दिवे लावतात असं आईंनी सांगितल्यावर तिनं पेन थांबवलं आणि गंभीरपणे म्हणाली की मग छतावरच्या फायर अलार्मचं आधी विचारावं लागेल. पाव्हणे तोवर अडीचशे झाले होते. बुकिंग कुणाच्या नावावर, असं तिनं विचारलं आणि आम्ही अगदीच हवेतले दिसू नये म्हणून मी नवऱ्याचा मेंबरशिप नंबर सांगितला. मला तो पाठ आहे. त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुणालाही झाला असता.

दोन दिवसांनी संध्याकाळी जेवताना त्याचा फोन वाजला. त्यानं ईमेल वाचला, परत वाचला, मग आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवला. आपल्या मातोश्रींच्या सहस्रचंद्रदर्शनाबद्दल हार्दिक अभिनंदन. अडीचशे पाव्हण्यांसाठी हॉल तूर्त राखून ठेवला आहे. दिव्यांसाठी परवानगीची चौकशी सुरू आहे. शनिवारी दुपारी बारा वाजता पदार्थ चाखण्यासाठी कुटुंबीयांनी यावं. प्लॅटिनम सदस्य असल्यामुळे आचारी स्वतः हजर राहतील.

त्यानं फोन खाली ठेवला. “आई, तुझं सहस्रचंद्रदर्शन कधी आहे?”

“चार वर्षांनी,” आई म्हणाल्या आणि कोशिंबीर वाढून घेतली.

मग मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तो खोटेपणावर चिडेल. तो दुखावला गेला होता, पण वेगळ्याच गोष्टीनं. माझ्या नंबरवर, असं तो तीनदा म्हणाला. त्या नंबरवर आजवर साधी तक्रारसुद्धा नोंदली गेली नव्हती. शेवटी त्यानं जाहीर केलं की शनिवारी तो स्वतः येईल आणि समोरासमोर माफी मागेल. शुक्रवारी त्यानं त्यासाठी शर्टाला इस्त्री केली.

शनिवारी दारातच त्याचं नाव घेऊन स्वागत झालं आणि तिथंच त्याचा अर्धा निर्धार गळाला. आईंना फुलांचा गुच्छ दिला. आत टेबलावर बारा वाट्या मांडलेल्या, आणि आम्ही मराठी म्हणून आचाऱ्यांनी कुणाकुणाला विचारून पुरणपोळी केलेली. नवरा खुर्चीवरून उठला, घसा साफ केला. तेवढ्यात आचाऱ्यांनी विचारलं, सर, पुरण कसं आहे? तो म्हणाला, जायफळ थोडं वाढवा. मग कटाच्या आमटीवर बोलणं झालं. मग मसालेभातावर. पंधरा मिनिटांनी तो स्टेज दाराच्या बाजूला घ्यावं की खिडकीच्या, यावर मत देत होता, आणि मला कळलं की आता हा सोहळा कुणी थांबवला नाही तर खरंच होणार.

थांबवला तो आईंनी. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि त्या मुलीला आपल्या शेजारी बसायला सांगितलं. म्हणाल्या, बेटी, मी शहात्तरची आहे. फंक्शन काही नाही. माझ्या मुलाला तीन रात्री हॉटेलात झोपायचंय आणि त्याला चारांतलं एक ठरवता येईना, म्हणून मी बघायला आले. खोटं मी बोलले. हे दोघं नुसते माझ्या मागं आले.

मुलीनं वही मिटली. नवऱ्यानं मान खाली घातली. मी उरलेल्या मसालेभाताकडं बघत बसले.

मग ती म्हणाली, “अम्मा, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. फंक्शनवाले गाद्या दाबून बघत नाहीत.”

मग हे सगळं कशाला केलंस, असं आईंनी विचारलं. ती सांगायला लागली. लग्नसराई चालू होती, रोज नवरीचे वडील, काका, मामा येऊन तिच्यावर ओरडून जायचे. त्या दिवशी आईंनी हॉल बघण्याआधी तिला विचारलं होतं की तू जेवलीस का. ती जेवली नव्हती. त्या महिन्यात तिला हे विचारणारं दुसरं कुणी भेटलं नव्हतं. शिवाय आचाऱ्यांना पुरणपोळी कधीची करून बघायची होती. हजार दिव्यांची चौकशी मात्र तिनं खरंच केली होती, चार वर्षांनी उपयोगी पडेल म्हणून.

नवऱ्यानं एकदाची माफी मागितली. ती तिनं हसून ऐकली आणि आईंना विचारलं की मग चारांतलं आवडलं कुठलं.

“हेच,” आई म्हणाल्या. “पण मला माझी वेगळी खोली हवी.”

आम्ही दोघांनी एकदमच त्यांच्याकडं पाहिलं. आमचा बेत एकच खोली आणि आईंसाठी जादाचा पलंग, असा होता. आई सावकाश बोलत होत्या. माहेरी त्या अकरा माणसांच्या घरात बहिणींच्या ओळीत झोपल्या. मग लग्न, मग मुलं. आता आमच्याकडं त्यांची म्हणून जी खोली आहे तिच्यात देवघर आहे, इस्त्रीचं टेबल आहे, आणि कुणीही केव्हाही आत येतं. “एकदा दार लावून एकटीनं राहून बघायचंय,” असं त्या म्हणाल्या.

इस्त्रीचं टेबल तिथं मी ठेवलेलं आहे.

नवऱ्यानं कार्डावरचे पॉइंट्स कितीतरी वर्षं परदेशातल्या एका समुद्रकाठच्या मुक्कामासाठी साठवले होते. त्यानं चष्मा पुसला, फोन काढला आणि तिथल्या तिथं ते आईंच्या तीन रात्रींवर खर्च करून टाकले. ज्याला एक हॉटेल निवडायला आठ दिवस पुरले नव्हते, त्याला या कामाला दोन मिनिटं लागली.

पुढच्या शुक्रवारी आम्ही राहायला गेलो. आईंची खोली आमच्या समोरची. दाराच्या मुठीला एक पाटी अडकवलेली होती, ती काय म्हणते असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आतल्या माणसाला त्रास देऊ नका असं म्हणते. त्यांनी ती हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितली, बाहेरून अडकवली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नाश्त्याला त्यांची वाट बघत बसलो. साडेनऊ वाजले तरी त्या आल्या नाहीत. फोन उचलेनात. घंटी वाजवली, उत्तर नाही. नवऱ्याचा चेहरा उतरला. मी धावत खाली जाऊन सफाईच्या बाईंना घेऊन आले. त्या तेलुगूत म्हणाल्या, पाटी असताना दार उघडायचं नाही, आम्हाला तसा नियम आहे. नवरा म्हणाला, अहो, आई आहे ती माझी. त्या म्हणाल्या, असेल, पण पाटी आहे.

तेवढ्यात दार वीतभर उघडलं. आईंचे केस ओले, डोक्याला पांढरा टॉवेल गुंडाळलेला, आणि साडीवर हॉटेलचा जाडजूड गाऊन. त्यांनी आम्हा तिघांकडं एकेक करून पाहिलं.

“पाटी वाचता येत नाही का?” असं त्यांनी विचारलं आणि दार परत लागलं.

सफाईच्या बाई गाडी ढकलत निघून गेल्या. त्या दोन दिवसांत आम्हाला आईंच्या बातम्या हॉटेलच्या माणसांकडून मिळत होत्या. त्यांनी फोनवर उपमा मागवला. टबात दोनदा आंघोळ केली. कोट घातलेली ती मुलगी दुपारी त्यांना भेटून गेली, आणि तिच्यासाठी मात्र दार पूर्ण उघडलं गेलं. नवऱ्याच्या चाळीस रात्री सोमवारी पहाटे भरल्या, पण कार्डाचा विषय त्यानं काढला नाही. तो खिडकीत उभा राहून समोरच्या दाराविषयी काळजी करत होता.

त्या तिन्ही दिवसांत आईंनी आम्हाला एकदाच बोलावलं, रविवारी दुपारी चार वाजता, चहाला. केटलीत त्यांनी स्वतः चहा केला, दोन कप आम्हाला दिले, स्वतः काचेच्या ग्लासातून प्यायल्या. आम्हाला खुर्च्यांवर बसवलं, आपण पलंगाच्या कडेला बसल्या. झोप नीट लागते ना, नाश्ता बरा असतो का, असं त्या विचारत होत्या. खिडकीतून खालचं चिंचेचं झाड आणि त्यातलं घारीचं घरटं दाखवलं. मी कप विसळायला उठले तर म्हणाल्या, राहू दे, बसा, पाव्हणे आहात.

अर्ध्या तासानं त्यांनी नॅपकिनची घडी केली आणि उभ्या राहिल्या.

“बरं, या आता,” त्या म्हणाल्या. “मला जरा पडायचंय.”

आम्ही निमूटपणे चपला घातल्या आणि बाहेर आलो.