हात धुतल्यानंतरचा पेला

अन्नरूपाने घरोघरी नांदणाऱ्या जगन्मातेला आणि जलरूपाने आमच्या गावातून वाहणाऱ्या गोदामाईला वंदन करून हे लिहावयास बसलो आहे. आज अक्षय्य तृतीया. सकाळी उदककुंभाचे दान झाले, आमरसपुरीचा नैवेद्य झाला. तहानलेल्याला गार पाणी देण्याचा हा पुण्यदिवस उजाडला की मला निफाडच्या यमुनाताईंचे स्मरण होते. सुग्रास जेवणाऱ्या माणसांना बाटलीतले पेय विकणे हा त्यांचा उद्योग. तो त्यांनी अशा उत्साहाने केला की, आठवले तरी या वयात अंगात चैतन्य संचारते.

पेय दाखवण्याआधी त्या समोरच्याला जेवण विचारीत. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. परदेशी पेये नुकतीच कोपऱ्याकोपऱ्यावरच्या पानठेल्यांवर येऊन बसली होती. एका दुपारी पंचवटीतील आमच्या अंगणात लूना थांबली. मागे बांधलेला बाटल्यांचा खोका सोडीत एक उंच, खणखणीत आवाजाच्या बाई म्हणाल्या,

“नमस्कार करते गुरुजी. आज जेवणात काय होतं?”

“पुरणपोळी,” मी गोंधळून म्हणालो.

“तूप?”

“सढळ.”

“मग काळ्या द्राक्षाची घ्या. नुसता वरणभात असता तर हिरव्याची दिली असती.”

बाटली तोंडाला लावणे मला रुचणार नाही हे ओळखून त्यांनीच फुलपात्र मागितले आणि वरून धार धरली. काय सांगू! द्राक्षाची गोडी, आल्याची तिखट झुळूक, सैंधवाचा स्पर्श, आणि जिभेवर नाचणारे असंख्य बुडबुडे! पुरणाचे जडपण जणू कोणी अलगद उचलून नेले. मी फुलपात्र पुन्हा पुढे केले, तेव्हा दाराआडून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “ह्यांनी काही मागून घेतलेलं मी आजच पाहते आहे!”

त्या दिवशी यमुनाताई ओसरीवर बराच वेळ बोलत बसल्या. यजमानांची द्राक्षबाग होती. बागेशेजारच्या शेडमध्ये बाटल्या भरण्याचे छोटे यंत्र यमुनाताईंनी हट्टाने बसवून घेतले होते. “ह्या लग्नसराईत चाललं नाय, तर यंत्र काढून शेडात कांदा भरणार म्हणतात दीर,” त्या म्हणाल्या. “कांदा कुठंबी राहील गुरुजी. माझी बाटली कुठं जाईल?”

“पानठेल्यावर का ठेवीत नाही?”

“तिथं तहानलेल्याला विकतात. मला पोटभर जेवलेला माणूस पायजे. ज्याला खाण्यातलं कळतं, त्यालाच माझी बाटली कळंल.”

खाण्यातले कळणारी माणसे नाशिकात एका ठिकाणी हमखास भेटत: दामूअण्णांच्या पंक्तीत. दामूअण्णा हे आमच्याकडील नामांकित आचारी. त्यांचे श्रीखंड ज्या मंगल कार्यालयात असेल तेथे माणसे लांबचे नातेही शोधून काढीत. त्यांनी एखाद्या विक्रेत्याला होकार दिला की त्याला गावोगावची कार्ये आपोआप मिळत. मी शब्द टाकला आणि अण्णांनी एका मुंजीत बाटली ठेवू दिली.

यमुनाताईंच्या आनंदाला सीमा उरली नाही, आणि त्या आनंदातच घोटाळा झाला. पंगत बसण्यापूर्वी त्यांनी प्रत्येक पानाजवळ बर्फातली बाटली नळी घालून मांडली. वैशाखातले ऊन. आम्ही वैदिक मंडळींनी आपोशनाआधी काही घेतले नाही. इतरांनी मात्र बसता बसता बाटल्या रिकाम्या केल्या. पोटात वायूची दाटी झाली. अण्णा स्वतः श्रीखंडाचे पातेले घेऊन आग्रहाला निघाले, तेव्हा पानामागून पानावर हात आडवे पडू लागले.

“नको अण्णा, जागाच नाही.”

अण्णा पंक्तीच्या मधोमध थबकले. पातेले वाढप्याच्या हाती देऊन ते थेट यमुनाताईंपुढे गेले. “बाई, माझ्या श्रीखंडावर हात आडवा पडला! आजवर असं झालं नव्हतं. उचला हे खोके. पुन्हा माझ्या पंक्तीत दिसू नका.”

यमुनाताई खोके उचलून निघाल्या. दुसऱ्या दिवशी आमच्या ओसरीवर येऊन बसल्या त्या मात्र रडायला नव्हे. “गुरुजी, बाटली माझी चांगली हाय. वेळ चुकली. मला सगळं जेवण पहिल्यापासून सांगा.”

मीही रंगलो. चित्राहुती, आपोशन, वाढण्याचा क्रम, शेवटचा ताकभात, उत्तरापोशन, हात धुणे आणि मग विडा, असे सारे विधिवत् सांगत गेलो. त्या मध्येच उभ्या राहिल्या. “हात धुणं आणि विडा, ह्याच्या मधी काय असतं?”

“काही नाही. माणसे ओले हात पुसत उभी असतात.”

“काहीच नाय?” त्यांचे डोळे असे चमकले की मलाही रोमांच आले. “अहो गुरुजी, माझी जागा हीच की!”

आता अण्णांना वळवायचे होते. त्या मला सोबत घेऊनच दुसऱ्या एका कार्यालयाच्या स्वयंपाकघरात शिरल्या. अण्णांनी डोळे वटारले. “पुन्हा आलात?”

“विकायला नाय आले, अण्णा. जेवायला आले. माझ्यापायी लोकांनी तुमचं श्रीखंड नाकारलं. आधी मला वाढा, मग काय शिव्या घालायच्या त्या घाला.”

आचाऱ्याला भुकेल्याशी भांडता येत नाही. अण्णांनी घुश्शातच पान मांडले. यमुनाताई मांडी घालून जेवल्या, आणि कशा जेवल्या! “अळूत दाणे भिजवून घातलेत, लय झ्याक. मसालेभातावर अजून तूप येऊ द्या.” श्रीखंड तर पुन्हा पुन्हा मागून घेतले. अण्णांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून विरल्या. शेवटी ते स्वतःच पाटावर बसून वाढू लागले.

हात धुऊन यमुनाताईंनी पिशवीतून बाटली नि दोन पेले काढून ते भरले. एक अण्णांना दिला. अण्णांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि स्वयंपाकघर दुमदुमेल असा ढेकर दिला. सगळे वाढपी हसले.

“उद्याच्या लग्नात ठेवा,” अण्णा म्हणाले. “पण पानाजवळ एक जरी बाटली दिसली, तरी...”

“हात धुवायच्या नळापाशी उभी राहते, अण्णा. माझी बाटली जेवणाची पाहुणी हाय. यजमानीण व्हायची नाय आता.”

दुसऱ्या दिवशी मी त्या लग्नात मुद्दाम रेंगाळलो. नळाजवळ स्वच्छ पांढरे कापड घातलेले मेज, त्यावर पेले, आणि पलीकडे यमुनाताई: “काय जेवलात काका? जिलबी? मग ही घ्या.” माणसे पीत होती, ढेकर देत होती, हसत होती. इतक्यात मुलीकडचे एक वयोवृद्ध मामा पेला खाली ठेवून स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. “अण्णा, वाटीभर श्रीखंड उरलंय का हो? भूक लागल्यासारखं वाटतंय.”

अण्णा पोट धरून हसले. वाटी भरून स्वहस्ते दिली आणि दारातूनच ओरडले, “यमुनाताई, पुढची सगळी लग्नं तुमची!” आदल्या दिवसापर्यंत त्या ‘बाई’ होत्या.

शेडमध्ये कांदा कधी शिरला नाही. पुढे दीरच खोके लादून पोचवू लागले. यमुनाताईंची लूना जाऊन टेम्पो आला, तरी प्रश्न तोच राहिला: “आज जेवणात काय होतं?” दर अक्षय्य तृतीयेला आमच्या उदककुंभाशेजारी त्यांची एक बाटली येई.

नव्या शतकात काही वर्षे गेली आणि अल्पशा आजाराने त्या देवाघरी गेल्या. चौदाव्या दिवशीच्या गोडजेवणाला दामूअण्णा थकल्या देहाने, कोणी न बोलावता, निफाडला आले. श्रीखंड त्यांनीच केले. पंगत बसली; दुःखाने कोणाला घास जाईना. अण्णा पातेले घेऊन प्रत्येकापुढे वाकत होते. “तिच्या नावानं हात आडवा करू नका. ती माझ्याकडे कशी जेवली होती, ते मी पाहिलंय.” एकाही पानावर हात आडवा पडला नाही.

हात धुऊन वळलो, तर नळापाशी पांढरे कापड घातलेले मेज होते. रडून सुजलेल्या डोळ्यांनी यमुनाताईंची सून उभी होती. पेला पुढे करीत ती हळूच म्हणाली, “गुरुजी, काय जेवलात?”

वाचकहो, तुमच्या घरी पान वाढणारे हात कधी थकू नयेत, पानावर बसणाऱ्यांची रुची कधी उणावू नये, आणि जेवून उठलेल्या प्रत्येकाला ‘काय जेवलात’ असे मायेने विचारणारे कोणीतरी उंबरठ्याशी सदैव असावे, हीच अन्नपूर्णेच्या चरणी प्रार्थना.